ओगराळं माठावर, साबण दोरीला

सकाळी सहा

नळ सुटायच्या आत गावाच्या शेवटच्या घरी पोहोचायचं, हा पावसाळ्यातला माझा नेम. टाकीखालच्या नळाला क्लोरीन सापडतंच. पाइपलाइन जिथं संपते तिथल्या नळालाही ते सापडलं, तरच गाव सुरक्षित पाणी प्यायलं असं मी धरतो.

यवतमाळ जिल्ह्याच्या घाटंजी तालुक्यात मी आरोग्य सेवक आहे. उपकेंद्राच्या हद्दीत गावांसोबत एक बंजारा तांडा येतो आणि टेकडीवरचं कोलामांचं पोड येतं. मृग लागला की पार दसऱ्यापर्यंत माझ्या कामात पाणी आधी, बाकी सगळं नंतर.

रात्रभर पाऊस झाला होता. नळवाला भाऊ, म्हणजे ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक, चिखलातून सायकल ढकलत आला. काचेच्या नळीत खुणेपर्यंत पाणी घेतलं, त्यात ओटीच्या द्रावणाचे थेंब सोडले आणि नळी उजेडाकडे धरली. क्लोरीन असेल तर पाणी पिवळं होतं. जितकं जास्त, तितका रंग गडद. आज नळीतलं पाणी होतं तसंच राहिलं.

घरातली बाई गुंड घेऊन उभी होती. "पानी तं चांगलं दिसते ना भाऊ?"

चांगलंच दिसत होतं. पटकीचा, विषमज्वराचा किंवा काविळीचा जंतू पाण्याला रंग देत नाही, वासही देत नाही. डोळ्याला जे कळत नाही ते कळावं म्हणूनच ही ओटी चाचणी असते. मी तिला पाणी शुद्ध करायच्या मेडिक्लोरची बाटली दिली, बाटलीवर लिहिलेत तेवढेच थेंब टाकून अर्धा तास थांबायला सांगितलं आणि आम्ही दोघं ग्रामपंचायतीकडे निघालो.

पहाटे टाकीत टीसीएल, म्हणजे क्लोरीनची पावडर, टाकलं होतं, असं भाऊ पुन्हा पुन्हा सांगत होता. तो खोटं बोलत नव्हता. ग्रामपंचायतीच्या मागच्या खोलीत टीसीएलचं पोतं ओल्या फरशीवर, तोंड उघडं, भिंतीला टेकवून ठेवलेलं. ताज्या पावडरीत साधारण 33 टक्के क्लोरीन असतं. हवा लागली, ओल लागली की ते कमी कमी होत जातं. 20 टक्क्यांच्या खाली गेलेली पावडर पिण्याच्या पाण्यासाठी वापरायची नसते. या पोत्यातल्या पावडरीचे गोळे झाले होते आणि वाकून पाहिलं तरी ती नाकाला झोंबत नव्हती. माणसानं आपलं काम चोख केलं होतं. पोतं चुकीच्या जागी होतं, एवढंच.

हे मला या नोकरीत वारंवार दिसत आलं आहे. रोगराईवर गावात भाषणं पुष्कळ होतात, मीही देतो. पण भाषणानं माणूस बदलायची वाट बघण्यापेक्षा वस्तू योग्य जागी ठेवली तर आजार लवकर अडतो. माणूस दिवसभर कामात असतो. हात जिथं सहज पोहोचतो तिथं साबण असेल तर तो हात धुतो. साबण घरात फळीवर असेल, तर त्याला सगळं ठाऊक असूनही धूत नाही. यात अडाणीपणाचा काही संबंध नाही.

न उघडलेली नवी पिशवी काढली. झाकणाचा प्लास्टिकचा ड्रम आणला, खाली लाकडी पाट दिला, पावडर त्यात ओतून झाकण घट्ट लावलं. जुन्या पावडरीचा नमुना तपासणीसाठी बांधून घेतला. टाकीत पुन्हा मात्रा दिली.

पण पावडर मेली होती हे अर्धंच कारण. शेवटच्या त्या घरी नळ जमिनीच्या खाली आहे. पाण्याला जोर नाही, म्हणून लोक अंगणात दोन-तीन फूट खड्डा खणतात आणि नळाचं तोंड त्यात उतरवतात. खाली उतरवलं की थोडी धार लागते. पाऊस आला की खड्डा भरतो. त्यात अंगणातली माती येते, कोंबड्यांची घाण येते, नालीचं पाणीही येतं. नळाला तोटी नसते. पाणीपुरवठा बंद झाला की पाइपातलं पाणी मागं सरकतं आणि खड्ड्यातलं घाण पाणी आत ओढून घेतं. पुढच्या वेळी नळ आला की तेच आधी बाहेर येतं, ते या घरात आणि शेजारच्या घरांतही.

मग या बाईला खड्डा बुजव म्हणायचं का? बुजवला तर तिला पाणीच मिळणार नाही. जोर नाही याचं कारण वरच्या आळीत आहे. तिथं नळाला थेट टिल्लू पंप लावतात आणि पुढच्यांच्या वाट्याचं पाणी खेचून घेतात. पंप लावणाऱ्यांना वाटतं आपण फक्त पाणी जास्त घेतो. खालच्या आळीतली हगवण आपल्या पंपातून सुरू होते, हे त्यांच्या ध्यानातही येत नाही. ग्रामपंचायतीच्या नोंदवहीत मी दोन ओळी लिहिल्या: नळ येण्याच्या वेळेत टिल्लू पंप बंद, आणि प्रत्येक नळाला तोटी. सरपंचांना फोनही केला. एप्रिल आणि ऑक्टोबरमध्ये गावाच्या पाण्याच्या स्रोतांचं स्वच्छता सर्वेक्षण होतं, त्यावरून ग्रामपंचायतीला हिरवं, पिवळं नाहीतर लाल कार्ड मिळतं. लाल कार्डाची सरपंचांना धास्ती असते. ती धास्ती कामी लावायला मी कधी लाजत नाही.

साडेआठ

आशाताई, म्हणजे गावाच्या आशा स्वयंसेविका, चौकात वाट बघत होत्या. आज त्यांच्यासोबत वरच्या आळीत कंटेनर सर्वेक्षण. साधं सांगायचं तर घरोघरी जाऊन साठवलेलं पाणी बघायचं आणि त्यात डासांच्या अळ्या आहेत का ते शोधायचं.

पहिल्याच घरी न्हाणीजवळ सिमेंटचा रांजण होता. वरून पाणी स्वच्छ. बॅटरीचा झोत पाण्यावर टाकला तशा बारीक काळपट अळ्या वळवळत तळाकडे गेल्या. थोडं थांबलो. श्वास घ्यायला त्या पुन्हा वर आल्या आणि पाण्याच्या पृष्ठभागाला शेपटाकडून लटकल्या. घरातली कॉलेजला जाणारी मुलगी वाकून बघत होती. तिनं हात मागं घेतला. "आमी याच पान्यानं आंघोळ करतो ना भाऊ!"

डेंग्यूचा डास असल्याच स्वच्छ साठलेल्या पाण्यात वाढतो. अंड्यापासून उडणाऱ्या डासापर्यंत त्याला सात ते दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एकदा भांडी रिकामी करायची, त्यालाच आम्ही कोरडा दिवस म्हणतो. भांडं नुसतं पालथं करून मात्र भागत नाही. हा डास अंडी पाण्याच्या रेषेच्या जरा वर, भांड्याच्या आतल्या अंगाला चिकटवतो. ती कोरडी पडूनही कित्येक महिने जिवंत राहतात. भांडं पुन्हा भरलं, पाणी अंड्यांपर्यंत चढलं की अळ्या बाहेर येतात. त्यामुळे रांजण आतून घासावा लागतो, काथ्यानं किंवा नारळाच्या शेंडीनं, जोर लावून. त्या मुलीनं तो माझ्यासमोरच घासला.

पुढच्या घरी मला तेच सांगता येईना. तिथं नळ तीन दिवसांआड येतो. भरलेला रांजण ओतून दे म्हणणं म्हणजे तिला पुन्हा हापशीवर पाठवणं. आशाताईंनी जुन्या लुगड्याचा तुकडा मागितला, दुहेरी केला आणि रांजणाच्या गळ्याला सुतळीनं आवळून बांधला. डासाला आत जाता येऊ नये एवढाच त्याचा उद्देश. जिथं पाणी टंचाईचं आहे तिथं हाच मार्ग, हे सरकारी पत्रकात ठळक अक्षरात यायला हवं असं मला वाटतं. उन्हाळ्यातला कूलर मात्र त्या घरी अजून अंगणात होता, टाकीत चार बोटं पाणी. ते ओतलं.

माठ बघणं हे आशाताईंचं खास काम. माठावर झाकण आहे का, पाणी कशानं घेतात, घराजवळ लेकरू शी करून आल्यावर त्याची आई हात कुठं धुते. पेला बुडवून पाणी घेतलं की पाच बोटं माठात जातात, त्यांच्याबरोबर नखांतलं सगळं जातं. सकाळी टाकीत घातलेलं क्लोरीन इथवर येतं आणि माठाच्या तोंडाशी हरतं. म्हणून लांब दांड्याचं ओगराळं. बहुतेक घरांत ते असतंही. फडताळात, भांड्यांच्या मागं. आशाताई ते स्वतः उठून काढतात, धुतात आणि माठाशेजारी खिळ्याला अडकवतात. पुढच्या भेटीत बहुधा ते तिथंच दिसतं.

शौचालयाचं तसंच. इकडच्या कितीतरी शौचालयांत पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची वाळलेली झाडं, भरून ठेवलेली असते, म्हणून लोकांना नावं ठेवायची पद्धत आहे. पावसात सरपण भिजलं तर चूल पेटत नाही. बाईनं कोरडी जागा शोधली, ती पक्क्या छताखाली सापडली. आम्ही ग्रामपंचायतीला विनवून सरपणासाठी दोन-चार टिनपत्रे मिळवून दिले त्या घरी पऱ्हाटी बाहेर आली आणि शौचालय वापरात आलं. दाराशी साबण ठेवला तर आणखी एक अडचण: कावळा साबण पळवतो. यावर तोडगा गावातल्या एका म्हातारीनं काढला. कांद्याच्या जाळीदार पिशवीचा तुकडा, त्यात साबणाची वडी, आणि ती दोरीनं दाराच्या कडीला बांधलेली. हात जाळीवरच चोळायचे, फेस बाहेर येतो. तेव्हापासून आशाताईंच्या झोळीत सुतळी आणि जाळ्या कायम असतात.

लहान लेकराची शी निरुपद्रवी असते हा समज मात्र सगळीकडे आहे, शिकलेल्या घरांतही. ती अंगणाच्या कडेला टाकतात किंवा उकिरड्यावर. प्रत्यक्षात हगवणीचे जंतू लेकराच्या शीतूनच सर्वांत सहज पसरतात, कारण ती साफ करणारा हात पाच मिनिटांनी कणीक मळायला बसतो. यावर मी आवाज चढवूनही बोलतो.

साडेदहा

अंगणवाडीत लसीकरणाचं सत्र. लस सिस्टर देतात. यादी, लसीचा डबा आणि टेबल माझ्याकडे. सिस्टर प्रत्येक व्हायल हातात घेऊन नाव मोठ्यानं वाचतात, मी ते यादीशी ताडतो. मग मुदतीची तारीख. मग व्हायलवरचं व्हीव्हीएमचं, म्हणजे लसीला उष्णता लागली का ते सांगणारं, चित्र: आतला चौकोन बाहेरच्या वर्तुळापेक्षा फिकट असेल तरच लस द्यायची. गोवर-रुबेलाची व्हायल पाणी मिसळून तयार केली की तिच्यावर वेळ लिहायची. चार तासांनंतर उरलेली लस फेकायची, कितीही हळहळ वाटली तरी. सुई वापरून झाली की लगेच हब कटरमध्ये.

मोठ्यानं वाचायचं कारण याच तालुक्यात घडलेलं आहे. 31 जानेवारी 2021, पल्स पोलिओचा रविवार. कापसी-कोपरी गावात पाच वर्षांखालच्या 12 बालकांना पोलिओच्या थेंबांऐवजी हाताला लावायचं सॅनिटायझर पाजलं गेलं. करोनाचे दिवस होते, जिथं तिथं सॅनिटायझर असायचं. मुलांना यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात ठेवावं लागलं. मुलं सुखरूप राहिली. बातमी देशभर गेली, कारवाई झाली. चूक कोणाची याचा निवाडा करणारे वेगळे आहेत. आम्ही आमच्या टेबलापुरता एक दंडक घालून घेतला: टेबलावर लसीशिवाय बाटली नको. सॅनिटायझर खिडकीत, पाण्याची बाटली दुसऱ्या खोलीत, औषधाची पेटी खुर्चीखाली. सिस्टर साबण-पाण्यानंच हात धुतात, त्यासाठी बादली दाराबाहेर.

रोटाव्हायरसच्या थेंबांबद्दल आया नेहमी विचारतात, कारण तेही पोलिओसारखे तोंडातून देतात. सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना ते दिले की लहान बाळाला होणाऱ्या जोराच्या हगवणीच्या एका मोठ्या कारणापासून संरक्षण मिळतं. एका कारणापासूनच; म्हणून लस घेतली तरी ओगराळं लागतंच, असं मी सांगतो. लस दिल्यावर अर्धा तास बसवून ठेवतो. हा अर्धा तास बोलायला सोन्यासारखा.

तेवढ्यात खिचडीची वेळ झाली. सेविकाताईंनी खाद्यतेलाचा पाच लिटरचा डबा मुलांच्या उंचीला टांगला आहे, बुडाशी भोक, भोकात काडी. काडी काढली की बारीक धार. पूर्वी इथं एक बादली असायची आणि सगळी पोट्टी तिच्यातच हात बुडवायची. चौथ्या-पाचव्या मुलापर्यंत ते पाणी नालीच्या पाण्यासारखं व्हायचं, आणि त्यालाच आम्ही हात धुणं म्हणायचो. आता धारेखाली एकेकाचा नंबर. साबण चोळताना वीसपर्यंत अंक म्हणायचे, सगळ्यांनी मिळून, तालात. एका चिमुरडीचा हात मी धरला. पहिला फेस मातकट निघाला. अंगठे सुटले होते. मुलं अंगठे नेहमी विसरतात, मोठी माणसंही. अंगठा मुठीत धरून फिरवायला शिकवलं, बोटांची टोकं दुसऱ्या तळव्यावर घासायला लावली. दुसऱ्या वेळी फेस पांढरा. तो तिनं सगळ्यांना दाखवला आणि मग प्रत्येकाला आपला फेस पांढरा हवा झाला. खिचडी थंड झाली, पण कोणी तक्रार केली नाही.

दीड

उपकेंद्रात डबा उघडला आणि तांड्यावरून एक जण मुलाला घेऊन आला. मुलाच्या पोटरीला कुत्रं चावलेलं, दातांच्या खुणांतून रक्त, आणि त्यावर तिखट भरलेलं. तिखटानं विष जळतं असं त्याला कोणीतरी सांगितलं होतं. चुना, हळद, तंबाखू, सगळे प्रकार मी पाहिले आहेत. मी बापाला नळाखाली बसवलं, मुलाचा पाय त्याच्या मांडीवर. बापानं पाणी सोडायचं, मी साबण लावायचा. घड्याळ लावून पंधरा मिनिटं. पंधरा मिनिटं म्हणजे फार वेळ असतो. मूल रडतं, बापाचे हात दुखतात, येणारे-जाणारे विचारतात की एवढं काय धुता. पण रेबीजचा विषाणू जखमेतच असताना त्याला साबणानं मारता येतं आणि पाण्यानं वाहून नेता येतं. एकदा रेबीजची लक्षणं दिसली की मग माणूस वाचत नाही, असंच धरायचं.

मग त्यांना प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवलं. लस आजच, मग तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी, आजचा दिवस शून्य धरून. रक्त निघालंय म्हणून जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही. सगळं मोफत. तारखा मी बापाच्या मोबाइलमध्ये गजर लावून टाकल्या, कारण निंदणाच्या दिवसांत मजुरी बुडवून पुन्हा यायचं कोणाच्या जिवावर येतं, आणि जखम भरली की लोक बाकीचे डोस विसरतात.

डबा पाचेक मिनिटांत संपवला.

चार

पाऊस उघडला तसे फवारणीचे पंप पाठीवर चढले. रस्त्यालगतच्या शेतात धुऱ्यावर तिघं बसले होते, पंप बाजूला. एक जण पन्नीवर सुपारी-तंबाखूचा खर्रा घोटत होता. औषध कालवलेले हात तसेच, आणि त्याच हातांची चिमूट तिघांच्या तोंडात जाणार.

2017 च्या पावसाळ्यात या जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो दवाखान्यात आले. कपाशी डोक्याच्या वर गेलेली, दोन-तीन औषधं एकत्र कालवलेली, तोंडाला फार तर रुमाल, अंगावर भिजलेला सदरा. तेव्हापासून यवतमाळचा कोणीही आरोग्य कर्मचारी फवारणीच्या पंपाशेजारून मुकाट्यानं जाऊ शकत नाही. विषबाधा हा साथीचा रोग नव्हे, हे खरं. पण तोंडाकडे जाणारा हात तोच आहे, आणि त्याला अडवणारा साबणही तोच. खर्रा हे आमच्या भागातलं हगवणीचं, जंतांचं आणि विषाचं एकत्र दार आहे. एकाच पुडीतून चौघं खातात, त्यात कोणाच्या खोकल्याचं काही असेल तेही वाटून घेतात. खर्रा सोडा हे मी सांगतोच, कर्करोगाचंही सांगतो. आज मात्र एवढंच मागितलं की आधी हात धुवा.

"साबन कुठून आनाव वावरात?" एकानं विचारलं. प्रश्न रास्त होता. माझ्या गाडीच्या डिकीत आशाताईंची एक जाळी होती. पंपाच्या पट्ट्याला बांधून दिली. पंप जिथं, साबण तिथं.

पाणी कशात आणलंय ते बघितलं तर औषधाचाच जुना कॅन, "धुतलेला हाय भाऊ." असा कॅन कितीही धुतला तरी पिण्याच्या पाण्याला चालत नाही. रिकामा झाला की तीनदा विसळून ते पाणी पंपातच घालायचं आणि कॅनला भोक पाडायचं, म्हणजे पुन्हा कोणाच्या घरात तो जायचा नाही. भोक त्यांनी माझ्यासमोर विळ्यानं पाडलं. माझी पाण्याची बाटली त्यांना ठेवून दिली.

सव्वासहा

पोडावर चढायला संध्याकाळच बरी. दिवसभराचं शेवटचं पाणी शेंदून झालं की विहिरीत टीसीएल घालायचं, म्हणजे क्लोरीनला सबंध रात्र मिळते. महाराष्ट्रातल्या तीन विशेष असुरक्षित आदिम जमातींत कोलाम येतात. इतर दोन कातकरी आणि माडिया गोंड. कागदावरचं हे वर्णन वाचून कोणाच्या डोळ्यासमोर गलिच्छ वस्ती येत असेल तर त्यानं एकदा पोडावर यावं. सारवलेली अंगणं, झाडलेल्या वाटा. इथं लोकांना स्वच्छता शिकवायची गरज नाही. उतारावरून विहिरीत येणारं पावसाचं पाणी अडवायची आहे, आणि ते काम कठडा उंच करणाऱ्या गवंड्याचं आहे. त्याचा प्रस्ताव गेला आहे. तोवर टीसीएल.

विहिरीचा व्यास तीन मीटर. दोरीला दगड बांधून पाणी मोजलं: चार मीटर. म्हणजे 28 हजार लिटरच्या वर. हजार लिटरला पाच ग्रॅम या मापानं साधारण 140 ग्रॅम पावडर. गढूळ पाणी क्लोरीन खाऊन टाकतं, म्हणून आज थोडं जास्त धरलं आणि दोन बादल्यांत वाटून घेतलं. आधी जरासं पाणी घालून गंध उगाळल्यासारखी पेस्ट करायची, मग बादली पाऊण भरून ढवळायची आणि दहा-पंधरा मिनिटं हात न लावता ठेवायची. चुना तळाशी बसतो. वरचं निवळ पाणी दुसऱ्या बादलीत काढायचं, चुना दूर खड्ड्यात टाकायचा. घाईत बरेच जण पावडर थेट विहिरीत भिरकावतात. ती तळाला जाऊन बसते आणि वरचं पाणी जसंच्या तसं राहतं. निवळ द्रावणाची बादली दोरीनं पाण्याखाली सोडायची आणि वर-खाली, इकडे-तिकडे हलवायची. पोडावरचे दोन तरुण हे माझ्यापेक्षा चांगलं करतात. आता दोरी त्यांच्याच हातात असते, मी फक्त माप बघतो.

काठावर एक आजी उभी होती. "माह्या सासऱ्यानं जनमभर ह्याच इहिरीचं पानी पेलं, त्याले काई झालं नाई. हे पावडर टाकलं का चहाले चवच राहत नाई."

चवीची तक्रार खरी आहे, ती उडवून लावू नये. ज्यांना वास सहन होत नाही ते ओढ्याचं पाणी पितात, मग विहिरीत घातलेलं सगळं वाया जातं. मी आजीला सांगितलं, पाणी भरल्यावर माठ पातळ फडक्यानं झाकून अर्धा तास ठेव, वास पुष्कळ कमी होतो. मग झाकण घाल. सासऱ्याबद्दल मी काही बोललो नाही. त्याच्या काळात या विहिरीच्या वरच्या अंगाला एवढी घरं नव्हती, हे तिथल्याच एका तरुणानं तिला कोलामीत समजावलं असावं. हातानं तो घरं दाखवत होता. उद्या पहाटे पहिली बादली निघाली की ओटी त्यानंच करायची ठरलं. ओटीची पेटी त्याच्याकडे ठेवली.

पावणेदहा

जेवून दैनंदिनी लिहीत होतो. खालच्या आळीतून आशाताईंचा फोन: दीड वर्षाच्या मुलीला दुपारपासून हगवण, पाच-सहा वेळा झाली, एकदा उलटी. घर सकाळच्या खड्ड्याच्या नळापासून तिसरं.

पहिला प्रश्न, मुलगी पाणी मागते का. मागते. डोळे खोल गेलेत का? नाही. पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली तर लगेच सपाट होते? होते. शीमध्ये रक्त? नाही. लघवी? संध्याकाळी झाली. म्हणजे घरी सावरता येईल, पण रात्रभर कोणीतरी जागं राहायला हवं.

आशाताईंकडे जलसंजीवनीची पाकिटं होतीच. मी फोनवर राहिलो. आईनं एक लिटरची बाटली मोजायला घेतली. ती आधी कशाची होती हे विचारून घेतलं. पिण्याच्या पाण्याचीच होती. सकाळी मेडिक्लोर दिलेल्या शेजारच्या घरी थेंब टाकून अर्धा तास ठेवलेलं पाणी तयार निघालं, ते आणलं. अख्खं पाकीट एका लिटरमध्ये. अर्धं पाकीट पेल्यात कालवायची चूक फार जण करतात. द्रावण जास्त खारट झालं तर लेकराला अपाय होतो. प्रत्येक ढाळीनंतर अर्धा कप, चमच्यानं, घाई न करता. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबायचं आणि पुन्हा सुरू करायचं, आणखी हळू. अंगावरचं दूध चालूच. केलेलं द्रावण 24 तासांनंतर ओतून द्यायचं. झिंकची गोळी चमचाभर पाण्यात विरघळवून आजपासून चौदा दिवस, हगवण थांबली तरी चौदा दिवस.

"आणि ताई, तिच्या आईला म्हणा, शी धुतली की आधी साबण, मग चमचा. साबण कुठं आहे त्यांच्याकडे?"

"दाराले बांधलाय भाऊ. मीच बांधला होता."

दर ढाळीची वेळ कागदावर लिहून ठेवायला सांगितलं. डॉक्टरांना कळवलं. त्या नळावरच्या बाकीच्या घरांत कोणाला ढाळ-वांती आहे का, हे आशाताई आताच दोन दारं ठोठावून बघणार होत्या; उरलेली घरं पहाटे मी बघेन. मुलगी मरगळली, चमचा तोंडाशी नेल्यावर गिळेना, किंवा दोनपर्यंत लघवी झाली नाही, तर मला उठवायचं. 108 ला फोन मी लावतो, तोवर मोटारसायकलनं मी तिथं पोहोचेन. फोन उशाशी ठेवला, आवाज मोठा करून.